कार्ड रिकामे करण्यापूर्वी

विवाह, बारसे, पंच्याहत्तरी, यात्रा अशा प्रसंगांची छायाचित्रे पूर्वी कागदावर असत. कागद पिवळा पडे, कोपरे दुमडत, क्वचित वाळवीही लागे. परंतु चित्र हळूहळू जाई आणि जाताना डोळ्यांना दिसे. आजची छायाचित्रे अंकांच्या रूपात साठवलेली असतात. ती बिघडतात तेव्हा क्षणात बिघडतात, आणि बिघाड लक्षात येतो तो बहुधा कार्यक्रम आटोपून पाहुणे परतल्यानंतर, कॅमेऱ्यातील कार्ड संगणकाला जोडल्यावर. एखाद्या चित्राचा वरचा भाग स्वच्छ असतो आणि खाली नुसता करडा पट्टा उरतो. दुसऱ्यात चेहऱ्यांवर हिरव्या-जांभळ्या रेघा उमटतात. तिसऱ्या फाईलचे केवळ नाव दिसते. उघडू गेल्यास ती उघडता येत नाही एवढाच संदेश येतो. अशा वेळी घरात जी घाई होते, ती पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा अधिक हानी करते.

म्हणून एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवली पाहिजे. संगणकावर जे दिसते ती प्रत असते. मूळ छायाचित्र कार्डावर असते. प्रत उतरत असताना केबल हलली, कॅमेऱ्याची बॅटरी संपली, वीज गेली किंवा कार्ड घाईने ओढून काढले, तर प्रत अपुरी राहते; मूळ मात्र अनेकदा जसेच्या तसे असते. जोवर कार्ड पुसलेले नाही आणि त्यावर नवे काही लिहिलेले नाही, तोवर आशा सोडण्याचे कारण नाही.

चित्र असे अर्धवट का दिसते

बहुतेक कॅमेरे छायाचित्र जेपेग पद्धतीने साठवतात. ही पद्धत १९९२ मध्ये प्रमाणित झाली. तीत चित्राचे ८ गुणिले ८, म्हणजे ६४ बिंदूंच्या लहान चौकटींत विभाजन होते आणि त्या चौकटी वरून खाली ओळीने लिहिल्या जातात. जागा वाचावी म्हणून त्यात दोन युक्त्या योजलेल्या आहेत. पहिली अशी की वारंवार येणाऱ्या मूल्यांना आखूड खुणा आणि क्वचित येणाऱ्या मूल्यांना लांब खुणा दिल्या जातात. दुसरी अशी की प्रत्येक चौकटीची सरासरी उजळी स्वतंत्रपणे न लिहिता, मागील चौकटीपेक्षा ती किती अधिक वा उणी एवढाच फरक लिहिला जातो.

हिशेबाच्या वहीत रोजची शिल्लक न मांडता केवळ दिवसाचा फरक लिहीत जावे, तसा हा प्रकार आहे. मध्येच एक आकडा चुकला की त्यापुढील प्रत्येक दिवसाची शिल्लक चुकते. जेपेग चित्रातही एका जागी अंक बदलला की पुढच्या सर्व चौकटींचा रंग पालटतो. खुणेची लांबी चुकीची वाचली गेली तर चित्र आडवे सरकल्यासारखे दिसते. आणि फाईल मध्येच संपली तर उरलेली जागा करडी राहते. म्हणूनच बिघाड नेहमी एका बिंदूपासून खाली पसरलेला दिसतो, आणि त्याच्या वरचा भाग निर्दोष असतो.

याच फाईलच्या आरंभी बहुतेक कॅमेरे १६० गुणिले १२० बिंदूंचे एक छोटे चित्र स्वतंत्रपणे साठवून ठेवतात. फोल्डर उघडल्यावर ओळीने मांडलेली छोटी चित्रे अनेकदा यातूनच दाखवली जातात. त्यामुळे छोटे चित्र सुरेख दिसते आणि मोठे करताच मोडलेले आढळते. हाच न्याय कॅमेऱ्याच्या पडद्यालाही लागू आहे. तेथे सहसा फाईलमधील लहान आवृत्तीच दाखवली जाते. कॅमेऱ्यावर ‘सगळे फोटो ठीक आहेत’ असे म्हणण्यापूर्वी चित्र मोठे करून, विशेषतः त्याचा खालचा भाग पाहून, खात्री केली पाहिजे.

फाईलचा आकारही बरेच सांगतो. आकार शून्य असेल तर नाव लिहिले गेले, मजकूर पोहोचलाच नाही. संगणकावरील आकार कार्डावरील आकारापेक्षा कमी असेल तर प्रत मध्येच तुटली. दोन्ही आकार अचूक सारखे असूनही चित्र मोडलेले असेल तर वाटेत अंक बदलले, अथवा मूळच बिघडलेले आहे. एका चित्रात दुसऱ्याच चित्राचा तुकडा दिसत असेल, तर कार्डावर कोणती फाईल कोठे आहे याची जी नोंदसूची असते, ती विस्कटलेली असण्याचा संभव आहे.

सर्वप्रथम थांबावे

बिघाड दिसताच कॅमेऱ्याने आणखी छायाचित्रे काढणे बंद करावे. कार्डावरील काहीही पुसू नये. एसडी कार्डाच्या कडेला एक लहान सरकती कळ असते. ती ‘लॉक’ या बाजूला सरकवावी, म्हणजे संगणक त्यावर काही लिहिणार नाही. मायक्रो एसडी कार्डाला अशी कळ नसते, परंतु ते ज्या खोबणीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवतात त्याला ती असते.

कार्ड जोडल्यावर संगणक कधी कधी आपण होऊन सल्ला देतो. विंडोजमध्ये ड्राइव्ह तपासून दुरुस्त करण्याविषयी किंवा फॉरमॅट करण्याविषयी विचारणा होते. मॅकवर कार्ड वाचता येत नाही असे सांगून ‘इनिशियलाइज’ हा पर्याय पुढे केला जातो. हे सर्व नाकारावे. फॉरमॅट आणि इनिशियलाइज यांनी कार्ड कोरे मानले जाते. दुरुस्तीचा पर्याय कार्डाची नोंदसूची सुसंगत करतो. त्यातील चित्रे वाचवणे हा त्याचा हेतू नसतो, आणि त्या प्रयत्नात सुटे पडलेले तुकडे वेगळ्याच नावांनी साठवले जातात. हा उपाय प्रत काढून झाल्यावर करता येतो. आधी केल्यास तो परत फिरवता येत नाही.

बिघाड कार्डावर, वाटेत की संगणकात

समजा, पंच्याहत्तरीच्या समारंभाची ४१२ छायाचित्रे उतरवली आणि त्यांपैकी २३ मोडलेली निघाली. ही २३ चित्रे कार्डावरून पुन्हा एका नव्या फोल्डरमध्ये उतरवावीत. येथे एक सूक्ष्म गोष्ट पाळावी लागते. संगणक नुकतीच वाचलेली माहिती काही काळ स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि पुन्हा मागितल्यास कार्डाकडे न जाता तीच देतो. म्हणून प्रत्येक वेळी कार्ड रीतसर ‘इजेक्ट’ करून, काढून, पुन्हा बसवूनच नवी प्रत घ्यावी. अशा दोन-तीन प्रती झाल्या की त्यांची तुलना करावी.

पहिल्या प्रतीत मोडलेले चित्र दुसऱ्या प्रतीत ठीक आले, किंवा प्रत्येक वेळी निराळ्याच जागी मोडले, तर कार्डावरील मूळ बहुधा शाबूत आहे आणि दोष वाटेत आहे. वाट म्हणजे कार्ड-रीडर, केबल, यूएसबीची खोबण आणि संगणकाची रॅम. यांतील एकेक वस्तू बदलून पाहावी. कॅमेरा केबलने जोडला असेल तर ती पद्धत सोडून कार्ड काढून रीडरमध्ये घालावे. कॅमेऱ्याची बॅटरी संपणे वा कॅमेरा आपोआप झोपी जाणे हे प्रत तुटण्याचे नेहमीचे कारण आहे. अनेक उपकरणे एका खोबणीवर चालवणारा हब काढून रीडर थेट संगणकाला जोडावा. रीडर फार जुना असेल तर तो ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे नीट न वाचण्याची शक्यता असते. एवढे करूनही प्रती निरनिराळ्या येत असतील तर रॅम सदोष असू शकते. विंडोजमध्ये स्मृती तपासण्याची सोय अंगभूत आहे. तो तपास रात्री लावून ठेवावा. सदोष रॅम केवळ छायाचित्रेच नव्हे, तर त्या संगणकातून जाणारी हिशेबाची फाईलही बिघडवू शकते, म्हणून या शंकेकडे दुर्लक्ष करू नये.

प्रत्येक प्रत त्याच जागी, त्याच तऱ्हेने मोडलेली येत असेल, दुसऱ्या संगणकावरही तशीच येत असेल आणि कॅमेऱ्यावर मोठी करून पाहिल्यास तेथेही मोडलेली दिसत असेल, तर दोष कार्डावर आहे. मग पुढचे सर्व प्रयत्न कार्डाला कमीत कमी त्रास देऊन करायचे असतात.

तिसरी शक्यता अशी की छायाचित्रे उतरली तेव्हा ठीक होती आणि काही महिन्यांनी मोडलेली आढळली. तेथे संशय संगणकाच्या डिस्कवर घ्यावा आणि इतर महत्त्वाच्या फाईली त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

जो बिघाड नसतोच

न उघडणारी प्रत्येक फाईल बिघडलेली नसते. काही कॅमेरे चित्र रॉ स्वरूपात साठवतात आणि ते वाचण्यासाठी त्या विशिष्ट कॅमेऱ्याची ओळख असलेले सॉफ्टवेअर लागते. कॅमेरा नवा आणि सॉफ्टवेअर जुने असले की फाईल उघडत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत केले की उघडते. आयफोनची छायाचित्रे २०१७ पासून एचईआयसी स्वरूपात असू शकतात. विंडोजच्या काही संगणकांना ती वाचण्यासाठी वेगळी जोड बसवावी लागते. एकाच प्रकारच्या सर्व फाईली न उघडणे हे सहसा सॉफ्टवेअरच्या अज्ञानाचे लक्षण आहे. सारख्याच प्रकारच्या शंभरांपैकी पाच न उघडणे हे बिघाडाचे लक्षण आहे.

याच्या उलट, जो दोष योगायोग वाटतो तो कधी फसवणुकीचा असतो. बाजारात अशी बनावट कार्डे मिळतात ज्यांवर १२८ जीबी छापलेले असते, संगणकही तेवढीच क्षमता दाखवतो, पण आत जागा पुष्कळच कमी असते. खरी जागा संपेपर्यंत सर्व छायाचित्रे ठीक येतात. त्यानंतरची नावापुरती उरतात. समारंभाचा पूर्वार्ध सुखरूप आणि एका विशिष्ट चित्रापुढचे सगळेच मोडलेले असेल, तर ही शंका घ्यावी. विंडोजसाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्स व मॅकसाठी एफ-थ्री ही मोफत सॉफ्टवेअर संपूर्ण कार्ड भरून व वाचून त्याची खरी क्षमता सांगतात. ही परीक्षा नव्या, रिकाम्या कार्डाची घ्यायची असते. चित्रे असलेल्या कार्डावर ती कदापि चालवू नये.

कार्डावरून चित्रे परत मिळवणे

कार्डावरील फाईल पुसली किंवा साधे फॉरमॅट झाले, तरी सहसा चित्राचे अंक लगेच नाहीसे होत नाहीत. नोंदसूचीतील नोंद निघते आणि ती जागा मोकळी समजली जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी प्रकरणे जागेवर असतात, तसेच हे. मात्र त्या मोकळ्या समजल्या गेलेल्या जागेवर नवे छायाचित्र लिहिले गेले की जुने कायमचे जाते. कॅमेरा बंद ठेवण्याचा आग्रह यासाठीच. काही कॅमेऱ्यांत कार्ड पूर्णपणे पुसून काढणारा फॉरमॅटचा पर्यायही असतो. तो वापरल्यास परतीची वाट बंद होते.

परत मिळवण्याचा योग्य क्रम असा आहे. आधी संपूर्ण कार्डाची अंकशः प्रतिमा, म्हणजे पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंतची एकच मोठी फाईल, संगणकाच्या डिस्कवर घ्यावी. कार्ड अडखळत वाचले जात असेल तर डीडी-रेस्क्यू हे मोफत साधन आधी सहज वाचता येणारा भाग घेते आणि अवघड भागाकडे नंतर वळते. त्यानंतर कार्ड बाजूला ठेवावे आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. प्रयोग फसला तरी मूळ सुरक्षित राहते.

या प्रतिमेतून छायाचित्रे वेचण्यासाठी फोटोरेक हे मोफत साधन प्रसिद्ध आहे. ते नोंदसूचीवर विसंबत नाही. जेपेग चित्राच्या आरंभी ठरलेले काही अंक असतात, त्यांवरून ते चित्र ओळखते. म्हणून सूची नष्ट झाली असली तरी चित्रे हाती लागू शकतात. त्यात फाईलींची मूळ नावे मिळत नाहीत. परंतु चित्र काढल्याची तारीख व वेळ चित्राच्या आतच नोंदलेली असते, तिच्या आधारे क्रम पुन्हा लावता येतो. मिळालेल्या फाईली कधीही त्याच कार्डावर साठवू नयेत.

ज्यांना हे काम स्वतः जमण्यासारखे नाही त्यांनी जाणकाराकडे जावे. पण कार्ड हातात देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. काम कार्डाच्या प्रतिमेवर होणार की थेट कार्डावर? काय मिळाले याची यादी पैसे देण्यापूर्वी पाहता येईल का? काम झाल्यावर कुटुंबाची छायाचित्रे त्यांच्या संगणकावरून पुसली जातील का? कार्ड कोणत्याही संगणकात दिसतच नसेल, किंवा ते तुटले वा वाकले असेल, तर सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. तेथे प्रयोगशाळेतील दुरुस्तीच हवी, आणि ती महाग असते.

मोडलेले चित्र जोडणे

फाईलचा केवळ आरंभ बिघडला असेल, तर त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत काढलेल्या चांगल्या चित्राचा आरंभ तिला जोडून चित्र उघडता येते. दुरुस्तीची काही सॉफ्टवेअर हेच करतात. रॉ फाईल बिघडली असेल तर तिच्या आत बहुधा एक तयार जेपेग चित्र असते, ते वेगळे काढता येते. जे अंक मधूनच नाहीसे झाले ते मात्र कोणतेही साधन परत आणू शकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने रिकामी जागा भरून देतात, पण ती भरतात अनुमानाने. आजीच्या चित्रातील अर्धा गेलेला चेहरा असा ‘पूर्ण’ केला तर दिसायला चित्र सुरेख होते. त्यातील अर्धा चेहरा आजीचा नसतो. अशी प्रत ठेवायचीच असेल तर तिच्या नावात तसे लिहून ठेवावे आणि मोडकी खरी फाईलही जपावी.

त्यापेक्षा नातेवाइकांकडे विचारणे अधिक फलदायी ठरते. त्याच क्षणी दुसऱ्या कोणी फोनवर चित्र काढलेले असते, किंवा त्याच चित्राची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली असते. नेहमीच्या मार्गाने पाठवलेले चित्र तेथे लहान केले जाते, तथापि काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरे. यापुढे पाठवताना चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते.

पुढच्या वेळेसाठी

या साऱ्या खटाटोपाची वेळ बहुतांशी टाळता येते. कार्डावरून फाईली नेहमी ‘कॉपी’ कराव्यात, ‘कट’ करू नयेत. ‘कट’ केल्यास उतरलेली फाईल कार्डावरून पुसली जाते, आणि ती नीट उतरली की नाही हे कोणी पाहिलेले नसते. प्रत्येक समारंभासाठी तारखेसह नवा फोल्डर करावा. कॅमेऱ्यातील फाईलींचे क्रमांक चारच अंकी असतात; ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो, आणि दोन कॅमेऱ्यांच्या फाईलींना एकच नाव असू शकते. त्या एकाच फोल्डरमध्ये ओतल्या आणि संगणकाने विचारल्यावर ‘बदला’ असे उत्तर दिले, तर कोणताही बिघाड न होता चांगली छायाचित्रे पुसली जातात.

प्रत झाल्यावर फाईलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळतात का ते पाहावे. बाइट जुळले तरी आतले अंक बदललेले असू शकतात. त्यासाठी हॅश नावाची पडताळणी असते. संपूर्ण फाईलच्या अंकांवरून एक लांब संख्या काढली जाते, आणि फाईलमधील एक अंक जरी बदलला तरी ती संख्या निराळी येते. टेराकॉपीसारखी साधने प्रत झाल्यावर ही पडताळणी आपोआप करू शकतात. त्यानंतर काही चित्रे पूर्ण मोठी करून डोळ्यांनी पाहावीत. पहिली, मधली आणि शेवटची चित्रे अवश्य पाहावीत.

मग दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत घराबाहेर, हा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या लेखनातून रूढ झाला. एवढे झाल्यावर कार्ड रिकामे करावे, आणि तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. कार्ड हे कपाटात जपून ठेवण्याचे साधन नव्हे; वर्षानुवर्षे न वापरलेल्या कार्डातील विद्युतभार क्षीण होत जातो आणि त्यासोबत चित्रेही.

व्यावसायिक छायाचित्रकाराकडून पेन ड्राइव्हवर चित्रे घेतानाही हाच क्रम पाळावा. ड्राइव्ह मिळाला म्हणजे काम संपले असे समजून तो अल्बम येईपर्यंत कपाटात ठेवला जातो, आणि वर्षभराने उघडल्यावर दोष सापडतो. तोवर छायाचित्रकाराने आपली मूळ प्रत पुसलेली असते. ड्राइव्ह हाती येताच त्याच आठवड्यात सर्व चित्रे उतरवून, मोजून, उघडून पाहावीत. आणि तोवर मूळ प्रत पुसू नये असे काम ठरवतानाच छायाचित्रकाराला सांगून ठेवावे. एका संध्याकाळचे हे काम घरातील ज्या मुलाला वा मुलीला संगणकाची आवड आहे, तिच्याकडे नेमून द्यावे. दोष त्या आठवड्यात सापडला तर चित्र पुन्हा मिळते. वर्षभराने सापडला तर पुन्हा मिळण्यासारखे काही उरलेले नसते.